चाकांवरचें घर : धक्का आणि आवाज यांचा मराठवाडी इतिहास



गेल्या मार्गशीर्षांत आमच्या आत्याबाईंना नांदेडहून लातूरला न्यावयाचें होतें. त्यांचें वय ब्याऐंशी, पाठीच्या मणक्याचें दुखणें जुनें. स्टेशनावरचा जिना चढवत नाहीं आणि बसमध्यें पाय लांब करतां येत नाहींत. माझ्या भाच्यानें एक पेट्रोलवर चालणारी व्हॅन घेऊन तिच्यांत निजण्याची फळी, पाण्याची टांकी, लहानशी शेगडी आणि पडदे बसविले होते. मोटारीचें त्यानें चालतें घर केलें होतें. त्यांत निजून चला, असा आम्हीं आग्रह केला आणि त्या आल्या. लोहा मागें पडेपर्यंत त्या कांहीं बोलल्या नाहींत. अहमदपूरच्या अलीकडे गाडी थांबवून पाणी दिलें, तेव्हां भाच्याला म्हणाल्या, "घर छान केलंस रे बाळा, पण हे घर चावतं, आणि सारखं ओरडतं. लहानपणी आम्ही छकड्यातून माळेगावला जायचो, त्यात मला झोप लागायची."

तें वाक्य माझ्या मनांत राहिलें. छकड्याला कमान नाहीं, गादी नाहीं, रबराची धांव नाहीं. त्यांत झोप लागते, आणि शंभर वर्षांहून अधिक काळच्या यंत्रविद्येचें फळ असलेल्या मोटारींत लागत नाहीं, हें कसें? लहानपणाच्या आठवणी गोड असतात हें खरें. पण या प्रश्नाच्या पोटांत मोठा इतिहास आहे. धक्का आणि आवाज या प्रवासाच्या दोन शत्रूंशीं माणसानें, आणि विशेषतः आपल्या मराठवाड्यानें, कसा सामना दिला, हें आज आपणांस सांगावें असा विचार आहे.

प्रथम छकड्याचाच विचार करूं. नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यांतील माळेगांव येथें मार्गशीर्षांत खंडोबाची यात्रा भरते आणि तेथील जनावरांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. मोटारी येण्यापूर्वीं यात्रेला निघालेलें कुटुंब गाडींतून येई आणि यात्रेचे दिवस गाडीच्याच आधारानें काढी. जूं खालीं टेकविलें, वरून एक जाजम ओढलें, कीं झालें बिऱ्हाड! घिसाड्यांचीं कुटुंबें तर ऐरण, भाता आणि मुलेंबाळें गाडींत घालून गांवोगांव हिंडत. तेव्हां चाकांवरचें घर ही पश्चिमेकडून आलेली नवलाई आहे, असें कोणीं समजूं नये.

या गाडीला धक्के बसत नव्हते काय? बसत होते. लोखंडी धांव चढविलेलें लांकडी चाक दगडावर आदळलें म्हणजे हिसका थेट कण्यांत शिरे. त्यावर उपाय म्हणून लोक कडब्याच्या पेंढ्या पसरून वर वाकळ घालीत. परंतु दोन गोष्टी छकड्याच्या बाजूनें होत्या. बैलांची चाल ताशीं दोन-अडीच मैल. त्यामुळें एकच खड्डा मोटारीला जसा ठोसा मारतो तसा तो छकड्याला मारीत नसे. शिवाय चाक मोठें, म्हणून लहानसहान खळग्यांवरून तें सरळ निघून जाई. उरे तें इकडून तिकडे सावकाश कलणें, आणि असें सावकाश कलणें म्हणजेच पाळणा. शरीरशास्त्र असें सांगतें कीं, मिनिटाला साठ ते नव्वद वेळां होणारी वरखालची हालचाल माणसाला फारशी बोचत नाहीं. परंतु सेकंदाला चार ते आठ वेळां होणारी थरथर धडाला सर्वांत असह्य होते, कारण त्या वेगाला शरीराचा मधला भागच तालानें हलूं लागतो. आत्याबाईंचा छकडा पहिल्या जातीचा होता आणि आमची व्हॅन दुसऱ्या.

आवाजाचेंहि तसेंच. छकड्याचा आंस कुरकुरे. वंगण घातलें कीं गप्प बसे. घुंगुरमाळांचा नाद चाले, पण त्यावरून माणसाला माणसाशीं बोलतां येई. बोलणें बुडविणारा आवाज इंजिनाबरोबर आला.

वेग वाढला, आणि म्हणून कमानीची गरज लागली. इंग्लंडांत ओबाडाया इलियट यानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं पोलादी पाट्यांच्या लंबवर्तुळाकार कमानीचें पेटंट घेतलें. आपल्याकडील टांग्यांच्या खालीं ज्या कमानी आपण पाहिल्या त्या याच वंशांतल्या. पुढें १८४५ सालीं टॉमसन यानें हवेच्या धांवेची कल्पना मांडली, पण ती विसरली गेली. बेलफास्टच्या डनलॉप नांवाच्या जनावरांच्या डॉक्टरानें १८८८ सालीं आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठीं ती पुन्हां नव्यानें शोधून काढली. हवेचें चाक बारीक खडे गिळतें, कमान मोठा खड्डा गिळते. परंतु गिळलेला धक्का कमान पुन्हां बाहेर टाकते आणि गाडी नाचत राहते. तो नाच थांबविणारें तिसरें साधन, ज्याला आपले मिस्त्री शॉकअप म्हणतात, तें त्यामागून आलें. या तिघांपैकीं एकहि बिघडला तर उरलेल्या दोघांचें काम फुकट जातें.

मराठवाड्यांत या विद्येचा पहिला मोठा प्रयोग मोटारीवर नव्हे, तर आगगाडीवर झाला. बार्शी लाईट रेल्वे ही अडीच फुटी रुळांची लहान गाडी १८९७ सालीं कुर्डुवाडीहून बार्शीस पोंचली आणि १९११ सालीं लातूरला आली. तिचा कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. अरुंद रुळांची गाडी म्हणजे डुलणारी आणि आदळणारी, असा तेव्हांचा समज होता. कॅलथ्रॉपनें इंजिनापासून डब्यापर्यंत प्रत्येक आंसावरील भार पांच टनांच्या आंत ठेवला, तो सर्व आंसांवर सारखा वांटला, आणि दाबीव पोलादाच्या बोगींवर लांब डबे बसविले. गाडी सुखाची करावयाची तर आधीं वजन मोजावें, मग तें सारखें वांटावें, हा त्याचा धडा. ज्या माणसानें लातूरच्या प्रवाशाला अलगद उतरविण्याची काळजी घेतली, त्यानेंच पुढें विमानांतून उडी घेणाऱ्या माणसाला अलगद उतरविण्यासाठीं 'गार्डियन एंजल' नांवाची हवाई छत्री तयार केली, हा योगायोग मला फार मनोहर वाटतो.

त्याच सुमारास महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोंकाला शांत इंजिनाची परीक्षा चालली होती. १९०८ सालीं मुंबईहून कोल्हापूरच्या रोखानें, सहा घाट ओलांडून, सुमारें सहाशें वीस मैलांची मोटारींची कसोटी झाली. तींत 'पर्ल ऑफ द ईस्ट' नांवाची रोल्स-रॉईस विजयी झाली आणि पुढें ती ग्वाल्हेरच्या महाराजांनीं विकत घेतली. या गाडीचें सहा नळकांड्यांचें इंजिन शांततेविषयीं ख्यात होतें. त्याचें कारण केवळ उत्तम कारागिरी नव्हे. एका ओळींतील सहा दट्ट्यांच्या हालचालींचे झोंक एकमेकांना मारून टाकतात. चार दट्ट्यांच्या इंजिनांत मात्र कांहीं झोंक शिल्लक राहतो आणि इंजिनाच्या फेऱ्यांच्या दुप्पट वेगानें सांगाडा हलवितो. चार दट्ट्यांच्या मोटारींतील गुणगुण ती हीच.

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्यासाठीं याच कंपनीची, आंत सिंहासनासारखें आसन असलेली पिवळी मोटार १९११ च्या सुमारास तयार झाली. ती फारशी रस्त्यावर आलीच नाहीं. जगांतील अत्यंत शांत मोटार हैदराबादच्या महालांत उभी होती, आणि त्याच राज्याच्या नांदेड-लातूर भागांतील रयत काळ्या चिखलांतून बैलांच्या शेपट्या पिरगाळीत चालली होती. सुखाची विद्या उपलब्ध असणें आणि ती लोकांपर्यंत पोंचणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ती लोकांपर्यंत पोंचण्याचा पहिला टप्पा १९३२ सालचा. त्या वर्षाच्या जूनमध्यें निजाम स्टेट रेल्वेनें आपला रस्ता वाहतूक विभाग सुरू केला. आरंभीं सत्तावीस बसगाड्या आणि एकशें सहासष्ट नोकर होते. हिंदुस्थानांत सरकारनें बसवाहतूक स्वतः चालविण्याचा हा अगदीं आरंभींचा प्रयत्न होय. गाड्या स्कॉटलंडमधील आल्बियन कंपनीच्या होत्या; त्या काळांतील एक हैदराबादेंत आजहि जतन केलेली आहे. संस्थानाच्या मराठी जिल्ह्यांना सरकारी बसची ओळख झाली ती याच विभागामुळें.

पण रस्ता? आमची काळी जमीन पावसांत फुगते आणि उन्हाळ्यांत आटून भेगाळते. तिच्यावर बांधलेला रस्ता दरवर्षीं थोडा उचलला जातो आणि थोडा खचतो; त्याला लांब लांब लाटा येतात. अशा लाटेवर गाडीचें नाक वर जातें, शेपूट खालीं जातें, आणि मग उलट. त्यामुळें मागच्या बांकावरचा प्रवासी अक्षरशः उडतो. याचें उत्तर मॉरिस ओली या इंग्रज इंजिनियरानें त्याच दशकांत अमेरिकेंत शोधलें. गाडीच्या दोन्ही टोंकांना हलविण्याजोगीं वजनें लावून त्यानें प्रयोग केले, आणि त्या वेळच्या समजुतीच्या उलट निष्कर्ष काढला : पुढच्या कमानी मागच्यांहून मऊ पाहिजेत. पुढचें चाक आधीं उचललें जातें, मागचें क्षणभरानें. मागची कमान थोडी चपळ असली तर ती पुढचीला गांठते, आणि झोपाळ्यासारखें डोलणें थांबून सगळी गाडी एकदम वरखालीं होते. हें वरखालीं होणें शरीर सहन करतें. डोलणें करीत नाहीं.

इंजिनाच्या थरथरीवरचा तोडगाहि त्याच वेळचा. तोंपर्यंत इंजिन सांगाड्याला बोल्टांनीं घट्ट आवळलेलें असे. क्रायस्लर कंपनीनें १९३१ सालीं आपल्या चार नळकांड्यांच्या प्लिमथ मोटारींत इंजिन रबराच्या दोन आधारांवर असें टांगलें कीं तें आपल्याच भारमध्याभोंवतीं मोकळेपणीं हलेल. इंजिन हलेनासें झालें नाहीं. त्याचें हलणें गाडीला कळेनासें झालें. सामान्य माणसाच्या मोटारीला श्रीमंताच्या मोटारीची शांतता थोडीबहुत मिळाली ती या रबराच्या तुकड्यामुळें.

मग महायुद्ध आलें. पेट्रोल मापानें मिळूं लागलें, आणि हिंदुस्थानांत अनेक बसगाड्यांच्या मागें कोळशाच्या भट्ट्या लागल्या. त्या दिवसांत गाडी चालते हेंच सुख होतें. १९४८ च्या सप्टेंबरांत हैदराबाद संस्थान भारतांत आलें. त्याच वर्षीं १ जूनला पुण्याहून अहमदनगरला मुंबई राज्याची पहिली एस. टी. निघाली होती. ती तीस आसनांची बेडफर्ड. सांगाड्यावर लांकडी पेटी आणि बसावयाला काथ्याच्या गाद्या. पुढें १९५० नंतरच्या पहिल्या वर्षांत 'नीलकमल' आणि 'गिरिआरोहिणी' अशा दोन आराम गाड्या पुणें-महाबळेश्वर मार्गावर आल्या. त्यांत दोन-दोन आसनांच्या रांगा, पडदे, हिरवट कांचा आणि एक घड्याळहि होतें. मराठवाडा १९५६ सालीं मुंबई राज्यांत आला, आणि १९६१ सालीं येथील बससेवा महाराष्ट्राच्या महामंडळांत सामील झाली.

आमच्या रस्त्यांवर मात्र नीलकमलाचें युग लवकर उगवलें नाहीं. टाटांनीं १९५४ सालीं डाइमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्यानें जमशेदपुरास डिझेलचे ट्रक बांधण्यास आरंभ केला, आणि हळूहळू बसचें इंजिनहि डिझेलचें झालें. डिझेलमध्यें ठिणगी नसते; दाबलेल्या हवेच्या उष्णतेनें इंधन एकदम पेटतें, म्हणून त्याचा ठोका पेट्रोलहून कठोर. तें इंजिन चालकाच्या बाजूला, बसच्या आंतच. पण डिझेल स्वस्त पडे. तेवढ्याच पैशांत एक शांत बस घ्यावी कीं दोन गोंगाटी बस घेऊन आणखी चार गांवें जोडावीं, असा प्रश्न होता. राज्यानें गांवें जोडलीं. ज्या मुली त्या गोंगाटांतून लातूरच्या आणि नांदेडच्या महाविद्यालयांत शिकावयास आल्या, त्यांना विचारलें तर ही निवड चुकली असें त्या म्हणणार नाहींत.

तरीहि धक्का हें केवळ चैनीचें प्रकरण आहे असें म्हणणें मला मान्य नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट लातूर आणि तेव्हांच्या उस्मानाबाद या जिल्ह्यांत कोणी विसरलेला नाहीं. किल्लारीच्या भूकंपांत हजारों माणसें गेलीं, आणि ढिगाऱ्यांतून काढलेल्या जखमींना मिळेल त्या वाहनांतून लातूर, सोलापूरकडे न्यावें लागलें. मोडलेल्या हाडाच्या माणसाला प्रत्येक खड्डा म्हणजे नवी जखम असते. महाराष्ट्रांत २०१४ सालीं १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली तेव्हां चाकांवरच्या खोलींत माणूस निजवून नेणें ही रोजची गोष्ट झाली. चालत्या घराचीहि सरकारदरबारीं नोंद झाली : केंद्र सरकारनें २००९ सालीं आणि महाराष्ट्रानें २०२१ सालीं कॅरॅव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें.

आतां आमच्या व्हॅनकडे वळतों. लातूरहून आत्याबाईंना परत आणण्याच्या आधीं भाचा आणि मी ती एका मिस्त्रीकडे घेऊन गेलों. मिस्त्री म्हणाला, "मागं एक पाटा वाढवून देतो, आपटणार नाही." भार फार असता तर तो उपाय बरोबर होता, पण पाटा वाढविला कीं कमान अधिक कडक होते आणि थरथर वाढते. मला कॅलथ्रॉप आठवला. आम्हीं गाडी आधीं वजनकांट्यावर नेली. पुढचीं चाकें निराळीं आणि मागचीं निराळीं तोलिलीं. एकूण भार मर्यादेंत होता, पण पाण्याची टांकी अगदीं शेपटाला, म्हणून पुढचीं चाकें हलकीं आणि मागचीं जड. टांकी दोन आंसांच्या मध्यें आणली. चाकांत हवा दगडासारखी भरलेली होती. ती प्रत्येक आंसाच्या भाराप्रमाणें, कारखान्याच्या तक्त्यांत सांगितली तितकी ठेवली. पाटे गंजून एकमेकांना चिकटले होते, म्हणजे ते कमान नव्हते, नुसता लोखंडाचा ठोकळा होता. ते सोडवून, घांसून पुन्हां बसविले. त्यांच्या टोंकांचीं रबरी बुशें बदललीं, आणि तेल गळून रिकामे झालेले शॉकअप नवे घातले.

आवाजासाठीं भाच्यानें आधींच सर्व भिंतींना जाड फोम चिकटविला होता आणि उपयोग झाला नव्हता. कारण इंजिन पुढच्या आसनांखालीं, आणि त्याच्या झांकणाची रबरी पट्टी फाटलेली! आवाज पाण्यासारखा आहे. भिंत कितीहि जाड केली तरी भोंकांतून तो येणारच. प्रथम पट्टी बदलली आणि तारा-नळ्यांचीं भोंकें बुजविलीं. मग झांकणाच्या आंतल्या बाजूस आधीं जड थर आणि त्यावर उष्णता सोसणारा मऊ थर दिला. जड थर आवाज अडवितो, मऊ थर तो शोषतो. एंजिनाखालचे रबरी आधार कडक होऊन चिरले होते. ते बदलतांच फळीची थरथर निम्मी झाली असें हाताला वाटलें. सायलेन्सरचा नळ एके ठिकाणीं पत्र्याला टेकत होता. त्याला रबरी कडी घातली. एक सावधगिरी मात्र मुद्दाम सांगतों : नळाच्या जवळ फोम किंवा कापड कधींहि लावूं नये, नळाचे सांधे तपासून घ्यावे, आणि इंजिन चालू ठेवून उभ्या गाडींत कोणीं निजूं नये. त्या धुरांतील विषारी वायूला रंग नाहीं आणि वास नाहीं.

या सर्वांत नवें असें कांहींच नव्हतें. वजन वांटणें कॅलथ्रॉपचें, हवेचें चाक डनलॉपचें, कमान इलियटची आणि रबराचा आधार प्लिमथचा. शतकभर पडून असलेलें शहाणपण आम्हीं एका आठवड्यांत गोळा केलें, इतकेंच.

माघांत आत्याबाईंना आणावयास गेलों. त्या फळीवर निजल्या. चाकूर गेलें, अहमदपूर गेलें. मला वाटलें होतें कीं त्यांना झोप लागेल. ती लागली नाहीं; त्या बोलूं लागल्या. गाडींत आतां हळू बोललेलें ऐकूं येत होतें. माळेगांवच्या यात्रेचें सांगतां सांगतां त्या थांबल्या, आणि मग म्हणाल्या कीं, त्यांची थोरली बहीण बाळंतपणांत अडली होती, तिला त्याच छकड्यांतून नांदेडला न्यावयास निघाले, रस्ता पावसानें फुगलेला, आणि ती वाटेंतच गेली. "तेव्हा माझी आई सारखी म्हणत होती, गाडी हळू हाका, तिला लागतंय. आणि बापू म्हणत होते, हळू हाकली तर पोचणार नाही."

ही गोष्ट आमच्या घरांत कोणाला ठाऊक नव्हती. पहिल्या खेपेस त्या सांगत असत्या तरी आम्हांला ऐकूं आली नसती. हळू हांकावें तर पोंचत नाहीं आणि जोरानें हांकावें तर लागतें, या पेंचांतून माणसाला सोडविण्यासाठींच कमानीपासून रबराच्या तुकड्यापर्यंतचा हा सारा खटाटोप झाला आहे. लोहा आलें तेव्हां त्यांनीं पाणी मागितलें, आणि मग नांदेड येईपर्यंत गोदावरीच्या जुन्या पुरांच्या हकीकती सांगत राहिल्या.